तालमीच्या कट्ट्यावर काकडीची एक बुट्टी ठेवा

प्रति,
कोल्हापुरातल्या तालमींचे वस्ताद, फुटबॉल संघांचे प्रशिक्षक आणि तरुण मंडळांचे कार्यकर्ते यांना,

सप्रेम नमस्कार.

मी बावीस वर्षं परिचारिकेचं काम करते. त्यातली अकरा वर्षं ईसीजीच्या खोलीत गेली. राहायला शिवाजी पेठेत, माहेर कागल तालुक्यातलं. धाकटा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि रोज संध्याकाळी बूट खांद्याला अडकवून मैदानावर पळतो. तुमच्यातले काही जण मला त्याची आई म्हणून ओळखतात, काही जण नुसतं 'सिस्टर' म्हणून. रात्री-अपरात्री कुणाच्या छातीत दुखायला लागलं की तुमच्यापैकी कितीतरी जणांनी मला फोन लावलेला आहे.

हे पत्र तुम्हालाच का, ते आधी सांगते. पोरांनी भाज्या खाव्यात, फळं खावीत, हे सांगायला जो तो आयांनाच गाठतो. पालकसभेत आम्हालाच सांगतात, दवाखान्यात आम्हालाच सांगतात. आम्ही घरी येऊन ताटाशेजारी बसतो, समजावतो, रागावतो, शेवटी स्वतःच्या हातानं घास भरवतो. पोरगं दोन घास गिळतं आणि तिसऱ्याला उठून जातं. त्याच पोराला तालमीतला दादा म्हणाला, 'उद्या पहाटे पाचला धावायला ये,' तर ते गजर लावून साडेचारला उठून बसतं. पेठेतल्या पोरावर तुमचा शब्द जेवढा चालतो तेवढा आमचा चालत नाही. यात कमीपणा वाटून घेण्यासारखं काही नाही, गेली शंभर वर्षं या गावात हे असंच चालत आलंय. म्हणूनच तुमच्याकडे आलेय.

माझा सख्खा भाऊ तुमच्यातलाच. दहा-बारा वर्षं पेठेच्या संघातून डाव्या बाजूनं खेळला. एक्केचाळिसाव्या वर्षी, थंडीच्या दिवसांत, पहाटे वहिनी त्याला रिक्षातून घेऊन आली तेव्हा ड्यूटीवर मीच होते. शर्ट घामानं अंगाला चिकटलेला. 'पित्त झालंय गं, एक गोळी दे, जातो घरी,' असं तो म्हणत होता. मी त्याला आडवं केलं आणि छातीला लीड, म्हणजे ईसीजीच्या तारा, लावल्या. मशीनमधून कागद सरकायला लागला. ठोका पडून गेल्यावर जी रेघ खाली यायला पाहिजे ती खाली येईना, टेकडीसारखी वर चढून तिथंच राहत होती. असे कागद मी शेकड्यानं काढलेत, त्यांचा अर्थ मला डॉक्टरांच्या आधी कळतो. पण त्या कागदाच्या कोपऱ्यात त्याचं नाव आणि वय लिहायचं होतं, आणि माझा हात चालेना. वय मी दोनदा खोडलं.

तो वाचला. हृदयाची एक रक्तवाहिनी पूर्ण बंद होती, वेळेत स्टेंट बसला. आज तो कामाला जातो, रंकाळ्याला रोज फेरी मारतो.

भाजी खाल्ली नाही म्हणूनच त्याला झटका आला, असं मी म्हणणार नाही. ते खोटं होईल. तंबाखूचा मावा होता, जागरणं होती, खेळ सुटल्यावर वाढलेलं वजन होतं, वडिलांकडून आलेला रक्तदाब होता. पण लहानपणापासून ताटात हिरवं काही दिसलं की तो ताट सरकवायचा, हे बहीण म्हणून मी डोळ्यांनी पाहिलंय. बटाटा, अंडं, मटण, चपाती आणि गूळ, यावर तो वाढला. आई त्याच्यासाठी वेगळी बटाट्याची भाजी करायची. 'खेळाडू हाय, सगळं पचतंय त्याला,' असं घरात सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे. ते वाक्य आज तालमीच्या कट्ट्यावर ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो.

कारण खेळाडूचं शरीर बाहेरून जेवढं तगडं दिसतं तेवढंच आतून असेल असं नाही. कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या अमेरिकन सैनिकांची हृदयं डॉक्टरांनी तपासली आणि त्याचा अहवाल १९५३ साली प्रसिद्ध झाला. ३०० जवान होते, सरासरी वय २२. रोज कवायत करणारी, पाठीवर ओझं घेऊन डोंगर चढणारी पोरं. त्यांच्यातल्या शेकडा ७७ जणांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत आजाराच्या खुणा सापडल्या. पुढं अमेरिकेतल्याच बोगालुसा नावाच्या गावात मुलांच्या हृदयाचा अभ्यास कितीतरी वर्षं चालला. तिथल्या, अपघातानं वगैरे अकाली गेलेल्या २०४ मुलांच्या आणि तरुणांच्या शवविच्छेदनाची माहिती १९९८ साली छापून आली. २ ते १५ वर्षांच्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीच्या पिवळट रेघा उमटायला लागल्या होत्या. ज्यांचं वजन, रक्तदाब, कोलेस्टेरॉल जास्त, त्यांच्यात जास्त.

२ ते १५ म्हणजे आपली अंगणवाडीपासून दहावीपर्यंतची पोरं.

हे वाचून घाबरू नका. या कोवळ्या वयातल्या रेघा पुसट होऊ शकतात, निदान वाढायच्या थांबू शकतात. चाळिशीतला कडक झालेला थर मात्र असा ऐकत नाही. माझ्याकडे माणूस येतो तो त्या टप्प्यावर येतो. तुमच्याकडे तो दहा वर्षांचा असताना येतो. तुमच्या हातात जे आहे ते माझ्या हातात कधीच नव्हतं.

आता भाजी-फळांत असं काय आहे, ते माझ्या समजुतीप्रमाणे सांगते. आपलं जेवण खारट. लोणचं, पापड, खर्डा, भडंग, फरसाण, सगळीकडे मीठ. मिठातलं सोडियम अंगात पाणी धरून ठेवतं आणि रक्ताचा दाब वाढवतं. केळी, शहाळ्याचं पाणी, पालेभाज्या, टोमॅटो यांत पोटॅशियम असतं, ते मूत्रपिंडाकरवी जास्तीचं सोडियम बाहेर काढायला लावतं आणि रक्तवाहिन्या सैल ठेवतं. पेरू, सफरचंद, गवारी, भेंडी यांतला चोथा आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतो. मग नवं पित्त तयार करायला यकृत रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढून घेतं. पालक, माठ, मुळ्याचा पाला, बीट यांत नायट्रेट असतं, त्यापासून शरीर असा वायू तयार करतं की ज्यानं रक्तवाहिन्या रुंदावतात. पळणाऱ्या पोराला याचा उपयोग मी सांगायला नको. १९९७ साली अमेरिकेत एक मोठा प्रयोग झाला. मीठ कमी न करता, वजन न उतरवता, मोठ्या माणसांना आठ आठवडे फक्त भाज्या-फळं वाढवून दिली तरी रक्तदाब खाली आला. सोबत साय काढलेलं दूधदही देऊन एकूण चरबी कमी केली, तेव्हा तो आणखी उतरला.

किती खायचं? जागतिक आरोग्य संघटनेनं २०२३ साली मुलांसाठी आकडे दिलेत. २ ते ५ वर्षांच्या मुलाला दिवसाला किमान २५० ग्रॅम, ६ ते ९ वर्षांच्याला ३५०, आणि दहा वर्षांच्या पुढं मोठ्या माणसाएवढंच, ४०० ग्रॅम. यात बटाटा धरत नाहीत. हे मी आमच्या पेठेतल्या आयांना सांगते तेव्हा निम्म्या जणींचा चेहरा उतरतो, कारण घरात 'भाजी' म्हणून जे काही जातं त्यात बटाटाच सगळ्यात जास्त असतो. शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलासाठी रोज ५० ग्रॅम भाजी धरलेली आहे, सहावी ते आठवीला ७५. म्हणजे आठ वर्षांच्या पोराला उरलेली ३०० ग्रॅम दुसरीकडून मिळायला हवी. डोळ्यांसमोर आणायचं तर दोन जवारी (गावठी) केळी, एक मध्यम पेरू, रात्री वाटीभर पालेभाजी. एवढ्यात भागतं. डोंगर उचलायचा नाही.

आणि हे मिळायला आपल्याला लांब जायला लागत नाही, याचंच मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. कपिलतीर्थ मंडईत सकाळी सात वाजता उभं राहून बघा. शिरोळकडचं, करवीरच्या खेड्यांतलं माळवं ओलं टपटपत येतं. पोकळा, चाकवत, आंबाडी, शेपू, करडई, तांदळी, कांद्याची पात. एकेक पेंडी एवढी मोठी की एका हातात मावत नाही. थंडीत हरभऱ्याचा डहाळा, गाजरं, बोरं, पेरू. उन्हाळ्यात पन्हाळ्याच्या वाटेवर बायका पानांच्या द्रोणात करवंदं आणि जांभळं घेऊन बसतात. चंदगडकडची रताळी येतात, आजऱ्याकडचे फणस येतात. माझ्या माहेरी परड्यात शेवगा होता आणि घेवड्याचा वेल होता. आम्ही भावंडं हरभऱ्याची कोवळी पानं शेतात उभ्या उभ्या खुडून खायचो, ती आंबूस चव अजून जिभेवर आहे. माझ्या मुलानं हरभऱ्याचं झाडच पहिल्यांदा पाहिलं ते नऊ वर्षांचा असताना. त्याला वाटत होतं हरभरा पाकिटात येतो. दोष त्याचा नाही, त्याला शेतात न्यायला मीच सवड काढली नाही.

मैदानाच्या कडेला मात्र दुसरंच चित्र असतं. सराव सुटला की पोरं सरळ गाडीवर. कुरकुऱ्याची पाकिटं, थंड पेयाच्या बाटल्या, वडापाव. दीड तास घाम गाळलेला असतो, भूक खरी लागलेली असते, त्या भुकेला जे पहिलं समोर येईल ते पोटात जातं. मी गाडीवाल्यांना नावं ठेवत नाही, त्यांचंही पोट आहे त्याच्यावर. २०२० साली अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणानं नियम केला की शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, जास्त साखर, जास्त मीठ असलेले पदार्थ विकायचे नाहीत. तो कितपत पाळला जातो हे तुम्ही रोज बघता. आपल्या मैदानाच्या कट्ट्याला तर असलं कुठलं बंधन नाही. तिथं चालतो तो तुमचा शब्द.

आता मी स्वतः काय करून पाहिलं ते सांगते.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी मी तीन किलो काकड्या, दोन डझन जवारी केळी आणि थोडी गाजरं घेतली. काकड्या-गाजरं धुतली, उभी कापली, वर लिंबू पिळलं, मीठ घातलं नाही. वेताच्या बुट्टीत ओला पंचा घालून त्यात ठेवली आणि सराव सुटायच्या वेळी मैदानाच्या पायरीवर नेऊन ठेवली. सगळं मिळून सव्वादोनशे रुपये गेले. पोरं होती अठ्ठावीस. ती आली, बुट्टीत डोकावली आणि एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, 'काकू, हे जनावरांचं आणलंसा काय?' सगळी हसली. माझा मुलगा मान खाली घालून बुटाची नाडी सोडत बसला, त्याला आईची लाज वाटत होती. केळी दोन-चार जणांनी उचलली. काकडीला कुणी हात लावला नाही. मी बुट्टी तशीच घरी आणली आणि रात्री शेजारीपाजारी वाटून टाकली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा नेली. तेव्हा मोठ्या संघाचा एक गोलकीपर तिथं ग्लोव्हज काढत बसला होता. अंगानं आडवा, पोरं ज्याच्या मागं मागं फिरतात असा. मी त्याला काही सांगितलं नव्हतं. त्यानं बुट्टीकडे बघितलं, हात पुसला, गाजराची एक उभी फोड उचलली आणि कडाकड खायला लागला. मग काकडी. मग आणखी एक. कुणाशी काही बोलला नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या एका बारक्यानं त्याच्याकडे बघितलं आणि गाजर उचललं. मग त्याच्या पलीकडच्यानं. पाच मिनिटांत बुट्टीच्या तळाचा पंचा दिसायला लागला. मुलींच्या संघातली एक चुणचुणीत पोरगी, दहा-अकरा वर्षांची, दोन्ही हातांत काकडी धरून मला म्हणाली, 'काकू, मी अजून एक घेतो की!' माझ्या मुलानंही खाल्लं. घरी ज्या काकडीवर तो गेली तीन वर्षं नाक मुरडत होता, तीच काकडी.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तीन वर्षं मी त्या पोराशी ताटावर भांडत होते आणि एका माणसानं एक शब्द न बोलता ते काम पाच मिनिटांत केलं.

नंतर वाचताना कळलं की याच्यावर अभ्यासही झालेला आहे. १९८० साली लिअ‍ॅन बर्च नावाच्या अमेरिकन संशोधक बाईंनी बालवाडीतल्या पोरांवर एक साधा प्रयोग केला. ज्या मुलाला एक भाजी आवडते, त्याला दुसरी भाजी आवडणाऱ्या मुलांच्या घोळक्यात जेवायला बसवलं. चारच दिवसांत तो त्यांची भाजी निवडायला लागला, आणि प्रयोग संपल्यावरही ती आवड टिकून राहिली. नवी चव पोराच्या जिभेवर रुळायला आठ-दहा वेळा, कधी पंधरा वेळाही ती समोर यावी लागते, हेही आता सगळे मानतात. आम्ही आया तिसऱ्या वेळेलाच हात टेकतो. 'याला दोडका आवडत नाही' असं पाहुण्यांसमोर बोलून मोकळ्या होतो, पोरगंही ते ऐकतं आणि तसंच वागतं. 'भाजी संपवलीस तर चॉकलेट देईन' हे तर करूच नये. पोराला त्यातून एवढंच कळतं की भाजी ही शिक्षा आहे आणि चॉकलेट हे बक्षीस.

वस्तादांना माझी वेगळी विनंती आहे. तुमची परंपरा मोठी. राजर्षी शाहू महाराजांनी मल्लांना आश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान उभं राहिलं, गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींची नावं देशभर गेली. १९५२ ला हेलसिंकीहून कांस्यपदक आणणारे खाशाबा जाधव याच गावात राजाराम कॉलेजात शिकले. त्या परंपरेत खुराकाला मान आहे. दूध, तूप, बदामाची थंडाई, मटणाचा रस्सा, हे सगळं बरोबरच आहे, कारण पैलवान दिवसाला हजार-हजार जोर-बैठका मारून ते जिरवायचा. पण आज तुमच्याकडे येणारं दहा वर्षांचं पोरगं दिवसातले सात-आठ तास शाळेत आणि क्लासात बसून असतं. त्याच्या आईनं ऐकलेलं असतं की पैलवानाला तूप लागतं, म्हणून ती तूप वाढवते. त्याच्या ताटात चाकवताची पातळ भाजी, मेथीची पचडी, मुळ्याची कोशिंबीर वाढवा असं तिला कुणी वस्ताद सांगत नाही. तुम्ही एकदा सांगा. 'खुराकात रोज एक पेंडी भाजी' एवढं एक वाक्य तुमच्या तोंडून निघालं तर ते पेठेत घरोघर पोचेल, आणि आयाच काय, आज्याही ते पाळतील.

आणि खेळ सोडल्यावर काय खायचं, हेही पोरांच्या कानावर लहानपणीच घाला. आखाडा सुटतो, खुराक सुटत नाही. माझ्या खोलीत येणाऱ्या कितीतरी जुन्या खेळाडूंची हीच गोष्ट आहे.

मिसळ सोडा, तांबडा-पांढरा सोडा, असं सांगायला मी हे लिहीत नाही. मीही कोल्हापूरची आहे, रविवारी आमच्याकडेही रस्सा असतो. माझं म्हणणं एवढंच की मटणाच्या ताटात कांदा-लिंबाच्या दोन फोडींच्या जागी काकडी-टोमॅटो-बिटाची भरगच्च वाटी असू दे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली काढलेल्या आहार मार्गदर्शिकेत निम्मं ताट भाज्या-फळांचं असावं असं म्हटलंय. निम्म्यावर एकदम कुणी जाणार नाही. पाव ताटापर्यंत तरी येऊया.

तरुण मंडळांना सांगायचंय ते महाप्रसादाबद्दल. गणपतीत आपण हजार-हजार माणसं जेवू घालतो. मसालेभात, वांगं-बटाटा, बुंदी किंवा शिरा. त्यात परातभर कोशिंबीर घालणं अवघड नाही, पेठेतल्या आम्ही बायका सकाळी येऊन कापून देऊ. रोजच्या आरतीला पोरांच्या हातावर पेढा ठेवता, त्यातले चार दिवस पेरूची फोड, सीताफळ किंवा केळं ठेवा. देवाच्या हातून आलेलं पोरगं नाकारत नाही. मुलांच्या स्पर्धांत सामनावीराला थंड पेयाचा बॉक्स देतात, तो बंद करून फळांची करंडी द्या. फोटोत ती जास्त चांगली दिसेल. आपल्या गावचा अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात देशाकडून खेळला. त्याच्यासारखं व्हायचं म्हणून आपली पोरं मैदानावर येतात. खेळाडू काय खातो, कधी झोपतो, किती पाणी पितो, हे सगळं ती ऐकायला तयार आहेत. सांगणारं माणूस त्यांच्या डोळ्यांत मोठं असायला हवं, एवढंच.

खर्चाचा प्रश्न कुणीतरी काढणारच, आणि काढलाही पाहिजे. तीसएक पोरांना आठवड्यातून तीन दिवस द्यायचं तर आठवड्याला सातशेच्या आसपास खर्च येतो, मी तीन महिने वहीत लिहून ठेवलंय. वाढदिवसाचा एक मोठा डिजिटल फलक लागतो तेव्हा त्याहून जास्त खर्च होतो. मंडईतले दोन भाजीवाले मला संध्याकाळी उरलेली चांगली काकडी निम्म्या भावात द्यायला लागलेत, मुलांसाठी म्हटलं की माणसं हात आखडत नाहीत.

काही गोष्टी मात्र काटेकोर पाळा. फळं-भाज्या वाहत्या पाण्याखाली चोळून धुवायच्या, कापायच्या त्या ऐन वेळी, सकाळची कापलेली संध्याकाळी द्यायची नाहीत. अगदी लहानग्यांना, पाच वर्षांच्या आतल्या पोरांना, कच्च्या गाजराचे गोल तुकडे आणि अख्खी द्राक्षं देऊ नका, घशात अडकतात. त्यांच्यासाठी गाजर किसायचं, द्राक्षं उभी चिरायची. फळांचा रस काढू नका, अख्खं फळच द्या. रस काढताना चोथा निघून जातो आणि साखर तेवढी राहते. वरून मीठ-मसाला भुरभुरायचा मोह टाळा. आणि कुणी नको म्हटलं तर रागावू नका, बुट्टी परवा पुन्हा समोर ठेवा.

माझी मागणी मोठी नाही. पुढच्या तीन महिन्यांसाठी, आठवड्यातून तीन दिवस, सराव सुटल्यावर एक बुट्टी. आणि तुमच्या मोठ्या संघातला एक खेळाडू, त्यानं पोरांच्या मधोमध बसून आधी खायचं. भाषण नको, फलक नको. तो तिथं बसला की बाकीचं पोरं स्वतःच करतात, ते मी पाहिलंय.

मी येत्या रविवारी सकाळी साडेसहाला कपिलतीर्थ मंडईच्या दाराशी उभी असेन. ज्या तालमीला सुरुवात करायचीय त्यांनी एक माणूस पाठवा, कुठलं माळवं घ्यायचं, किती घ्यायचं, कुणाकडून घ्यायचं ते सगळं दाखवते. सोबत एक स्वच्छ पंचा आणि पिशवी आणा, बुट्ट्या माझ्याकडे चार आहेत. त्याच दिवशी संध्याकाळी पहिल्या मैदानावर कापायला माझा भाऊ बसणार आहे. त्यानं स्वतःच तसं कबूल केलंय.

आपली नम्र,
शिवाजी पेठेतली एक परिचारिका, आणि बारा वर्षांखालच्या संघातल्या एका पोराची आई